कुजबुजेकाकांचं पहिलं पूर्ण वाक्य

उजव्या विंगेत, पडद्याच्या घडीमागे, पाठ मोडलेल्या खुर्चीवर बसून चौतीस वर्षं कुजबुजेकाकांनी दुसऱ्यांची वाक्यं दुसऱ्यांच्या तोंडी दिली. ते नाटक मंडळीचे प्रॉम्प्टर. खरं आडनाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच; मंडळीत लहानथोर सगळे त्यांना कुजबुजेच म्हणत. त्यांच्यासारखा प्रॉम्प्टर पुन्हा झाला नाही. नट अडखळला की आख्खं वाक्य सांगणारे पैशाला पासरी मिळतात, आणि ते पाचव्या रांगेपर्यंत ऐकू जातं. काका पहिले दोन शब्द सोडत. दोनच. उरलेलं नटाच्या आतून आपसूक वर यायचं, दोरी ओढली की विहिरीतून बादली यावी तसं. टाळ्या नटाला मिळायच्या आणि काका घशाची गोळी चघळत पुढचं पान उलटायचे. तक्रार कधी केली नाही.

निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी काकूंना सांगितलं, "आता एक नाटक लिहितो. माझं स्वतःचं."

"लिहा की," काकू म्हणाल्या. "पण आधी घरात पूर्ण बोलायला शिका. 'चहा जरा' म्हणून गप्प बसता. मी काय समजायचं? हवा, नको, की सांडला?"

मंडळीच्या व्यवस्थापकानेही मन मोठं केलं. "थोरल्या बाईंना वाचून दाखवा. त्या हो म्हणाल्या तर त्या हंगामाचा शेवटचा प्रयोग तुमचा." थोरल्या बाई म्हणजे एके काळच्या नायिका. आता गुडघ्यांनी दगा दिलेला, पण कान शाबूत.

काकांनी कंबर कसली. नाटक माणसांत सापडतं, असं त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. म्हणून रोज दुपारी ते दवाखान्याच्या बाकावर, बसथांब्यावर, नाहीतर केस कापायच्या दुकानात जाऊन बसत. कानावर काही पडलं की लगेच वहीत. दोन वर्षांत सात वह्या भरल्या. 'तुझ्या आईला…' 'चावी कुठं…' 'डॉक्टर म्हणाले…' प्रत्येक नोंद दोन शब्दांची. हातालाच ते वळण होतं, आणि बाकीचं वेळेवर येईल ही खात्री. यायचंही. टेबलाशी बसलं की त्या दोन शब्दांमागून वाक्य धावत यायचं, घासूनपुसून लख्ख झालेलं. काका स्वतःवरच खूश होते.

नाटक बाप-लेकीचं होतं. त्याला कारण होतं. गेल्या वर्षी लेक चार दिवस राहायला आली होती. निघताना, पिशवी खांद्याला लावून, दारात उभी राहून ती काहीतरी बोलली. आवाज कापरा झाला होता. काकांचा हात खिशातल्या वहीकडे गेला. 'बाबा, एकदा…' एवढं लिहून त्यांनी मान वर केली, तेव्हा जिन्यावर तिची पावलं वाजत होती. त्यानंतर ती आली नाही. नाटकाचा शेवटचा प्रवेश काकांनी त्याच दोन शब्दांवर उभा केला. तिला पहिल्या रांगेत बसवायचं, हे मनाशी ठरलेलं होतं.

वाचनाच्या दिवशी बाई वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या.

"शेवटचा प्रवेश आमच्या घरचा आहे," काकांनी आधीच सांगून टाकलं. "लेकीचे शब्द."

तिसऱ्या पानावर बाईंचे ओठ हलायला लागले. काकांना वाटलं, रंगल्या. मग बाईच म्हणाल्या, "आता ती म्हणते, तुमच्या घराला दारं चार, माझ्यासाठी एकही उघडं नव्हतं."

काकांनी पान पाहिलं. अक्षर न् अक्षर तेच.

"हे माझ्या लक्षात कधीच राहायचं नाही," बाई हसल्या. "विंगेतून तुम्हीच द्यायचात. बरं, पुढचं वाचा. नुसते दोन शब्द वाचा."

काका दोन शब्द वाचत, बाई वाक्य पुरं करत. पहिल्या तीन वाक्यांना दोघंही हसले. अकराव्याला कुणी हसत नव्हतं.

"बाई, मी चोरी केली हो."

"छे. चोराला माल कुणाचा ते ठाऊक असतं. शेवटचं वाचा."

"बाबा, एकदा…"

"…माझ्याकडे बघा, प्रेक्षकासारखं नको, बापासारखं." बाईंचा आवाज तेवढ्यापुरता पंचविशीतला झाला. "तीनशे प्रयोग केले मी याचे. वाक्य छान आहे. पण तुमची लेक काय म्हणाली होती?"

चौतीस वर्षांत वाक्य विसरायची पाळी पहिल्यांदा त्यांच्यावर आली होती, आणि विंगेत कुणी नव्हतं.

घरी येऊन त्यांनी काकूंना विचारलं.

"मला काय ठाऊक? मी मोरीत होते, नळ चालू होता. समोर तुम्ही होतात ना?"

काकांनी लेकीला फोन लावला. "त्या दिवशी निघताना तू म्हणालीस ना… बाबा, एकदा…" आणि ते थांबले. दोन शब्द दिल्यावर थांबायचं, ही सवय. पलीकडून काहीच आलं नाही.

"आठवून बघ ना, बाळ. नाटकासाठी हवं…" शब्द निसटला तसा त्यांनी ओठ आवळला, पण उशीर झाला होता.

"नाटकासाठी," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्हाला तरी आठवत असेल."

फोन बंद झाला.

काकांनी वही काढली आणि लेक आत्ता बोलली ते वाक्य लिहिलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सात वह्यांतलं पहिलं पूर्ण वाक्य. मग एकेक नाटक त्यांनी मनात उलटून पाहिलं. ते कुठल्याच नाटकात नव्हतं. आणि ते त्यांचंही नव्हतं.

काकू हात पुसत बाहेर आल्या. "काय म्हणाली?"

काकांनी वाचून दाखवलं. सगळं.

काकूंनी वहीत डोकावून पाहिलं. "आणि पुढे?"

"पुढे काही नाही," काका म्हणाले.