घाटमाथ्यावर कोणी नव्हतं

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी हिंगणघाटच्या एका शाळेत भूगोल शिकवायला आले. माझं गाव साताऱ्याकडचं. मी वर्गात ‘का’ म्हटलं की मागच्या बाकावरची एखादी मुलगी हळूच ‘काऊन’ म्हणायची आणि सगळा वर्ग हसायचा. राहायला खोली मिळाली ती मोटारपंपांचं दुकान असलेल्या एका घरात, पुढच्या अंगाला, वेगळ्या दाराची. शाळा सुटली की बोलायला माणूस नसे. कापसाच्या हंगामात सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीतला तंतूंचा बारीक धुरळा हवेत तरंगत खिडकीतून आत यायचा, तो मी रोज झाडायची. रविवारी तर सकाळीच सगळी कामं संपायची आणि पुढे नुसता दिवस उरायचा.

घरमालकीणबाईंना मी वहिनी म्हणत असे. त्या नागपूरच्या, बी.ए. झालेल्या. मूलबाळ नव्हतं. यजमान, ज्यांना मी दादा म्हणायची, दिवसभर दुकानात. एका रविवारी त्यांनी माझं दार वाजवलं आणि विचारलं, “बाई, एक खेळ आहे. येता का? माणसं कमी पडून राह्यली.”

खेळ त्यांच्या धाकट्या भावानं अमेरिकेतून पाठवला होता. एका खोक्यात रंगीत फासे, कोणता चार बाजूंचा, कोणता वीस बाजूंचा, आणि एक इंग्रजी पुस्तक. त्यात पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातलं एकेक पात्र व्हायचं. आपलं पात्र काय करणार ते आपण सांगायचं आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवणार. वहिनींनी ते पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचून काढलं होतं. पण त्यातले किल्ले आणि सरदार त्यांनी बाजूला ठेवले आणि गोष्ट आपली रचली. एका गावाची नदी अचानक आटली आहे, वरती डोंगरात एका राक्षसानं ती अडवून धरली आहे, आणि गावातली तीन माणसं उगमाकडे निघाली आहेत.

ती तीन माणसं म्हणजे आम्ही. वहिनींचे यजमान तलवारबहाद्दर होते. शेजारचे एक काका, रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे, ते वैदू झाले. मी वाटाडी. शाळेत फळ्याकडे तोंड करून बोलणारी मी त्या गोष्टीत मात्र सगळ्यांच्या पुढे चालायची. “डावीकडून जाऊ नका, तिथे दलदल आहे,” असं मी म्हणायची आणि दोन मोठी माणसं माझं ऐकायची. दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की आम्ही मधल्या खोलीत चटईवर बसायचो. वर्षभर आम्ही चालत होतो. मधल्या सहा दिवसांत मी वह्या तपासताना पुढच्या खिंडीचा विचार करत असायची.

यजमानांना फक्त शेवटची लढाई हवी होती. ते बाजारात तेल आणायला निघाले तरी विचारायचे, “किती राह्यलं अजून?” वहिनी म्हणायच्या, “चाला तं खरं. मोठा आहे तो राक्षस.”

त्या हिवाळ्यात त्यांचा भाऊ नागपूरला एका लग्नासाठी आला. रविवारी तो हिंगणघाटला येणार होता. वहिनींनी सकाळपासून पाटवड्यांचा रस्सा केला, घर सारवल्यासारखं स्वच्छ केलं आणि आम्हाला निरोप दिला की आज लवकर या, आज घाटमाथा आहे, राक्षस भेटणार. आम्ही बसलो होतो. फोन दुकानात होता. यजमान दुकानातून आले ते चपला काढता काढताच म्हणाले, “तो नाई येऊन राह्यला. दिल्लीचं विमान आजचंच मिळालं म्हणते. सासरचे लोक आहेत संगं.”

वहिनी पानं मांडायला उठल्या. त्यांनी आम्हाला वाढलं. काकांनी दोनदा रस्सा मागून घेतला, तिखट लागून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं तरी. मग वहिनींनी हात पुसले, चटईवर बसल्या आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली.

“तुम्ही घाट चढून वर आले. वर सपाट जागा आहे. वारा आहे. दुसरं कोणी नाई.”

“लपला असंल,” यजमान म्हणाले आणि फासा उचलला. “मी शोधतो.”

“शोधा. नाई कोणी. राक्षस नव्हताच. झरा आपलाच आटला.”

“मंग आतापावेतो काऊन चाललो आपण?”

“तुम्हाले वाटलं, तो असंल म्हणून.”

“तूच सांगितलं होतं तो आहे.”

“सांगितलं होतं. आता नाई. तुम्ही काय करता ते सांगा.”

काकांनी सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. म्हणाले, वैदू जमिनीला कान लावतो, पाणी खाली असेल. त्यांनी फासा टाकला. वहिनींनी मान हलवली, नाही. यजमान उठले. “ऐनवेळी असं बदलवलं तर खेळाचा काय फायदा,” एवढंच म्हणाले आणि परत दुकानात गेले. रविवारी दुकान बंद असायचं.

मलाही राग आला होता. मी वर्षभर ज्या वाटेनं सगळ्यांना आणलं होतं ती वाट कुठेच जात नव्हती. पुढचे दोन रविवार मी डोकं दुखतंय सांगून खोलीतच राहिले. पलीकडून फाशांचा आवाज येत नव्हता, त्यावरून कळलं की कुणीच बसलेलं नाही.

तिसऱ्या रविवारी मीच गेले. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी बसून सुपातले खडे काढू लागले. त्या म्हणाल्या, “तो राक्षस मी त्याच्यासाठी ठेवला होता.”

“कुणासाठी?”

“भावासाठी. तो आला की त्यालेच राक्षस करू म्हटलं. लहानपणी तोच व्हायचा. त्यानं काय काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. मंग तो नाई आला तर राक्षस कोठून आणू? दुसऱ्या कोणाचा आवाज मले काढता नाई आला.”

“दादांना सांगा ना हे.”

“त्याईले लढाई पाहिजे होती, बाई. त्याईचं काही चुकलं नाई.”

यजमान नंतर कधीच चटईवर बसले नाहीत. पण वहिनींशी अबोलाही धरला नाही. रविवारी दुपारी ते झोपायचे. काका एकदा येऊन गेले, मग मुलाकडे भिलाईला गेले ते गेलेच. उरलो आम्ही दोघी. वाटाडी त्या सपाट जागेवर राहिली. लढायला कोणी नव्हतं, त्यामुळे काय करायचं तेच आधी सुचेना. तिनं दगड रचून आडोसा केला. पानांवरचं दव फडक्यानं टिपून मडक्यात पिळायची. कधी कधी फासा इतका वाईट पडायचा की सगळा दिवस वाया जायचा, आणि वहिनी म्हणायच्या, “आज काही नाई जमलं तिले. बसून राह्यली.” आम्हीही मग बसून राहायचो. पलीकडून यजमानांच्या घोरण्याचा आवाज यायचा. त्या दुपारी कशा गेल्या हे मला कुणाला सांगता येणार नाही, पण हिंगणघाटला मला कुणी विचारलं असतं की तुमचं इथे कोण आहे, तर मी वहिनींचं नाव घेतलं असतं.

उन्हाळ्यात मला गावाजवळच्या शाळेतून बोलावणं आलं. आई आजारी असायची, नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. निघायच्या आदल्या रविवारी वहिनींनी विचारलं, “वाटाडीचं काय करता?”

मी म्हटलं, “ती पलीकडच्या अंगानं उतरते. तिकडे माणसं असतील.”

“असतील,” त्या म्हणाल्या. “पण तिकडचं मले माहीत नाई. तुम्हीच पाहा.” आणि त्यांनी फासे एकेक करून खोक्यात भरले.

बसपर्यंत यजमान माझी वळकटी घेऊन आले. मला चांगली जागा मिळावी म्हणून कंडक्टरशी बोलले. खिडकीशी उभे राहून म्हणाले, “तुम्ही होते तं ती बोलायची.”

पहिली एक-दोन वर्षं पत्रं चालली. त्यांत पावसाचं असायचं, कोणत्या भाजीचा भाव काय ते असायचं. मग ती विरळ झाली. नव्या शाळेत एकदा मधल्या सुट्टीत मी तो खेळ समजावून सांगायचा प्रयत्न केला. “म्हणजे भातुकली का?” एका बाईंनी विचारलं. मी सांगत गेले तशी त्यांची नजर घड्याळाकडे जायला लागली. घंटा झाली, सगळ्या उठल्या. माझा तास रिकामा होता. मी कपबशा एका बाजूला सारल्या आणि तिथेच बसून राहिले.