अलास्कातला संकष्टीचा चंद्र

त्या दिवशी मी खरं तर स्वतःच्या आकडेमोडीवर चिडायला हवं होतं; चिडत होतो मात्र देवावर, लेकीवर आणि पक्ष्यांवर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कॉलेज संपल्याची भेट म्हणून लेकीला उत्तरेकडचे पक्षी पाहायचे होते, म्हणून आम्ही तिघं ओहायोहून अलास्काला गेलो. भाड्याची गाडी, खडीचा रस्ता आणि दर वळणावर मागून आरोळी, "बाबा, स्टॉप! बर्ड!" मी थांबेपर्यंत पक्षी उडालेला असायचा आणि डास गाडीत शिरलेले असायचे.

त्यातच संकष्टी आली. पत्नीचा कडक उपास, पाण्याखेरीज काही नाही. चंद्र पाहूनच सुटायचा. पुण्याहून आलेल्या दिनदर्शिकेतल्या चंद्रोदयावरून मी हिशेब करून सांगितलं, "नऊला दिसेल." दहा वाजून गेले तरी बाहेर लख्ख उजेड. पुण्याचा हिशेब इतक्या उत्तरेला चालत नाही, हे इंजिनियर असूनही मला सुचलं नव्हतं. हिला मधुमेह. हात थरथरायला लागले.

"ज्यूस घे. गणपती रागावणार नाही."

"तुम्ही रागावताय तेवढं पुरे."

"अगं, इथे सूर्यच मावळत नाही, चंद्र कुठून आणू?"

"आई, प्लीज, जस्ट ड्रिंक इट!"

ही नकारार्थी मान हलवत राहिली. दवाखाना कितीतरी मैल मागे राहिलेला. मी मनात म्हणालो, बाप्पा, माझ्याच्यानं होत नाही, आता तूच बघ. याला प्रार्थना म्हणवत नाही. वैतागच होता तो.

पुढच्या वळणावर एक म्हातारी अमेरिकन बाई हात हलवून गाडी थांबवत होती. कडेला तिवईवर दुर्बीण. "फाल्कन!" मी कपाळावर हात मारला.

"उतरते मी," ही म्हणाली. "बसून चक्कर येतेय."

लेकीनं तिला धरलं. हिनं दुर्बिणीला डोळा लावला तोच कड्यावरचा ससाणा उडाला. हिनं दुर्बीण त्याच्यामागे फिरवली आणि एकदम थांबवली.

"अहो... चंद्र."

दोन डोंगरांच्या खिंडीत तो होता, उजेडात जवळजवळ विरघळलेला. दाखवल्यावरच मला दिसला. थर्मासातल्या पाण्यानं अर्घ्य देऊन तिथेच खडीवर बसून तिनं डब्यातला दहीभात खाल्ला. त्या बाईला वाटलं, आमचे डोळे ससाण्यामुळे भरलेत. तिनं माझा खांदा थोपटला. तिचं नावही विचारायचं राहून गेलं. आभार मात्र दर संकष्टीला मानतो.

चंद्रोदयाची वेळ मी अजून काढतो, सवय जात नाही. पण हिला सांगताना आता "दिसेल" म्हणत नाही. "दर्शन दिलं तर," एवढंच म्हणतो, आणि दहीभात जवळ ठेवतो.