सीताफळाच्या बियांची पूड

देवराव अकोल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. त्यांना नावानं ओळखणारे कमी. 'सीताफळवाले' म्हटलं की फाटकावरचा चौकीदार बोट दाखवायचा.

सहा वर्षं ते निधी मॅडमच्या संशोधनासाठी सीताफळं सोलत आले होते. दिवाळीच्या आगेमागे पातूरच्या डोंगरातून टोपल्या यायच्या. गर लोकांत वाटून टाकायचा. सालं आणि बिया सावलीत वाळवायच्या, दळायच्या, अर्क काढायचा. मॅडम त्या अर्काचे थेंब जांभळ्या पाण्यात सोडायच्या, पाणी पिवळं व्हायचं. हा अँटिऑक्सिडंट गुण. मग अर्क दुसऱ्या शहरात जाई. तिथे काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर तो टाकत. काही पेशी मरत.

एवढं पेपरात छापून आलं आणि माणसं येऊ लागली. कोणी हिवरखेडहून, कोणी धारणीहून गाड्या बदलत. "एक शिशी द्या जी, मायले देतो." देवराव सांगायचे, बशी वेगळी, माणूस वेगळा. वाक्य मॅडमचं होतं. बोलून बोलून त्याचा चोथा झाला होता. एकदा त्यांनी कपातला उरलेला चहा त्या जांभळ्या पाण्यात ओतून पाहिला. तेही पिवळं झालं. मॅडम हसल्या. "चहातही असतो तो गुण, देवरावकाका." देवराव हसले नाहीत. कपबशी विसळून ठेवली.

या उन्हाळ्यात त्यांच्या बायकोच्या, माणिकबाईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. आता दर तीन आठवड्यांनी अमरावतीला किमो. तीन झाले होते, चौथा मंगळवारी. कॉलेजच्या गच्चीवर माकडं फार, म्हणून यंदा सालं-बिया घरातच, तिच्या जुन्या पातळावर वाळत होत्या. राखण तिचीच.

रविवारी देवराव साबण शोधत होते. मोरीतल्या फळीवर शिकेकाईची डबी दिसली. उघडली तर आत करडी पूड. वास त्यांना झोपेतही ओळखू आला असता. सीताफळाच्या बिया, खलबत्त्यात कुटलेल्या.

"हे कायले? उवा झाल्या काय तुले?"

माणिकबाईनं डोक्यावरचा पदर मागे सारला. टाळू घासलेल्या पितळेसारखी चकचकीत.

"उवाईले राहाले जागा कुठं हाय इथं?"

देवरावांनी डबी तिच्यापुढं धरली.

"चिमूटभर घेते पाण्यासंग. आठ दिवस झाले. उवा मरतात यानं, लिखा मरतात. मंग हे आतलं कावून नाई मरणार? अन् मंगळवारी मी येत नाई. तुमी एकटे जा अमरावतीले, घ्या टोचून."

"अवं, डॉक्टर म्हणते सहा घ्याच लागतील."

"डॉक्टरले ओकाऱ्या होतात का? अन् हे खोटं असतं तं सहा वर्षं तुमाले पगार कायचा देऊन राहिले?"

"दळायचा देतात. खायचा नाई."

ती हसली, पण तोंड वळवून. देवराव पातळाच्या कडेला बसले. बशी वेगळी, माणूस वेगळा, हे ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. परक्यांना सांगून झिजलेलं वाक्य घरात कसं चालवायचं? ते पूड बोटांत चोळत राहिले. मग लेकीची आठवण झाली. प्रणाली शाळेत होती तेव्हा हीच पूड, हीच मोरी.

"प्रणालीच्या डोक्याले लावताना," ते म्हणाले, "तिच्या डोयावर फडकं कावून बांधे तू?"

"बांधा नाई लागत? डोयात गेली तं डोया जाते, दिसनं बंद. माय सांगे मही."

"मंग पोटात गेल्यावर आत फडकं कोन बांधते?"

बाहेर कोणाची तरी मोटरसायकल चालू होईना, तो किका मारत राहिला. गाडी चालू झाली, गेली. मग माणिकबाईनं डबी ओढून घेतली, झाकण घट्ट बसवलं आणि त्यांच्या हातात दिली.

"डॉक्टरले तुमीच सांगजा. शिव्या तुमीच खाजा."

मंगळवारी सकाळच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. डबी देवरावांच्या पिशवीत, डॉक्टरांना दाखवायला. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा तिनं रुमालातून एक सीताफळ काढलं, घरून धुऊन आणलेलं. गर खायला डॉक्टरांची हरकत नव्हती. गेल्या दोन दिवसांत तिनं आपणहून खाल्लेलं हे पहिलंच.

खिडकीची काच अडकली होती, उघडत नव्हती. ती एकेक बी त्यांच्या तळहातावर टाकत गेली. काळ्या, ओल्या, तिच्या तोंडाच्या उबेच्या. देवरावांनी मूठ मिटली. बडनेरा येईपर्यंत ती तशीच मिटलेली होती. तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं आणि हात हलवला असता तर ती जागी झाली असती.