मे महिन्यातला आकडा

बॉनेट उघडायचं नाही, आणि कुणी आकडे विचारले तर सेल्सच्या माणसाकडे पाठवायचं. एवढ्या दोन सूचना देऊन भुसारी सरांनी मला पांढऱ्या गाडीशेजारी उभं केलं. यवतमाळच्या पोस्टल ग्राउंडवर तीन दिवसांचा मोटर शो होता. दिवाळी नुकतीच झाली होती, हवा छान होती. भुसारी सर आमच्या डीलरचे सेल्स मॅनेजर. मी त्याच डीलरच्या लोहाऱ्यातल्या वर्कशॉपमध्ये ईव्ही टेक्निशियन, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्या तपासणारी आणि दुरुस्त करणारी. डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा, नोकरीला चार वर्षं झालेली. शोमध्ये माझं काय काम, असं मी विचारलं होतं. सर म्हणाले, ईव्हीशेजारी मुलगी मेकॅनिक उभी असली की लोक थांबतात.

लोक थांबत होते. करंट लागतो का, नाल्याच्या पाण्यात बंद पडते का, आवाजच नाही तर समोरचा बाजूला कसा होईल, हे विचारत होते. बहुतेक जण स्टिअरिंगवर हात ठेवून फोटो काढायचे आणि पुढच्या स्टॉलवर जायचे.

आकड्यांबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाते त्याला रेंज म्हणतात. माहितीपत्रकात जी रेंज छापतात ती चाचणीतली असते. तिथे गाडी ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या तापमानात, एसी बंद ठेवून चालवतात. त्या गाडीची छापील रेंज तीनशेच्या वर होती. आकडा खोटा नव्हता. पण आदल्या उन्हाळ्यात मी तीच गाडी एसी लावून, पाच माणसं बसवून महामार्गावर चालवली होती. दोनशेच्या आसपास तिचा जीव संपला. तसा रिपोर्ट लिहून मी वर दिला. चांगलं काम केलंस, असं वरचे साहेब म्हणाले. सेल्सला मात्र पाठवू नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेषराव काका आले. साठीला टेकलेले, खाकी शर्ट, खिशाला पेन. उमरखेडच्या एका संस्थेची जीप ते चालवायचे. आसपासच्या खेड्यांतल्या डायलिसिसच्या पेशंटना घेऊन आठवड्यातून दोनदा यवतमाळला यायचं आणि संध्याकाळपर्यंत घरी सोडायचं. जवळच्या मशीनवर नंबर लागत नाही अशी ती माणसं. काकांबरोबर संस्थेचे सचिवही होते. ते भुसारी सरांबरोबर खुर्चीवर बसले, चहा आला. काका गाडीकडे आले.

दोन दिवसांत हजारेक माणसांनी ती गाडी बघितली असेल. पण बघितली ती काकांनी. ते आधी गुडघ्यावर बसले आणि गाडीच्या पोटाखाली हात घालून जमिनीपासूनची उंची वितीनं मोजली. स्टेपनी कुठे आहे ते विचारलं. नाही, फक्त पंक्चरचं किट आहे, असं मी सांगितल्यावर नुसतं हं म्हणाले. मग ते ड्रायव्हरच्या सीटवर बसलेच नाहीत. मागच्या सीटवर गेले, दार लावून घेतलं, मान मागे टेकवली आणि डोळे मिटले. मग पाय उचलून आडवे झाले. पोटातून मळमळलं तर डोकं कुठे जाईल, खिडकी पटकन उघडते का, हे त्यांनी झोपूनच तपासलं.

खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. डायलिसिस झालेल्या माणसाला डिझेलचा वास सहन होत नाही, परतीच्या वाटेवर तीन वेळा जीप थांबवावी लागते, असं ते सांगत होते. मैदानातच एक छोटी चक्कर मारायची सोय होती. मी शेजारी बसले, गाडी त्यांनी चालवली. त्यांनी ब्रेकवर एकदा मुद्दाम पाय दिला, हादरा किती बसतो ते बघायला. गाडी हलकेच थांबली.

"हिच्यात माणूस झोपूनच घरी जाईन," ते म्हणाले.

मग त्यांनी प्रश्न विचारला. उमरखेड ते यवतमाळ जाऊन-येऊन सव्वादोनशेच्या आसपास. सकाळी खेड्यांत वळायचं ते वेगळं. चार पेशंट, एसी पूर्णवेळ. परत येताना बॅटरी पुरेल का?

आम्ही तोवर स्टॉलवर परतलो होतो. भुसारी सर आणि सचिव उठून जवळ आले. सरांनी छापील आकडा सांगितला. सचिवांनी मान डोलावली, पुरून उरते म्हणाले. काका माझ्याकडे बघत होते. माझ्या छातीवर नावाची पट्टी होती, राठोड. मी दिग्रसजवळच्या तांड्यातली, काका उमरखेडकडच्या तांड्यातले. आमची घरातली भाषा एकच, बंजाऱ्यांची गोर बोली. काका सर्वांसमोर, पण फक्त मला कळेल असं बोलले.

"साची बोल, छोरी."

म्हणजे, खरं सांग, पोरी. पुढे त्यांनी गोर बोलीतच म्हटलं की गाडी त्यांना आवडली आहे, म्हणून तर विचारत आहेत. नावडती असती तर विचारलंच नसतं.

सर माझ्याकडे बघत होते. त्यांना शब्द कळले नव्हते, पण प्रश्न कळला होता. मी मराठीत उत्तर दिलं. म्हटलं, "काका, कंपनीनं टेस्ट केलेली रेंज आहे. सर सांगतात ते बरोबर आहे."

काकांनी मान डोलावली. त्यांनी विश्वास ठेवला. घरातल्या बोलीत विचारलेल्या प्रश्नाला मी ऑफिसच्या भाषेत उत्तर दिलं, याचा अर्थ त्यांच्या लक्षात आला असेल असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटत नाही. माणसाला एखादी वस्तू चांगल्या कारणासाठी हवी असली की तो अर्धं उत्तर स्वतःच पुरं करतो.

शोच्या शेवटच्या दिवशी सचिवांनी स्टेजवर चावी घेतली. वर्तमानपत्रात फोटो आला.

हिवाळ्यात गाडी चांगली चालली. एसीची गरज नव्हती. काका हळू चालवायचे, संध्याकाळी थोडी बॅटरी उरायची. सर्व्हिसिंगला आले की पेशंटबद्दल सांगायचे. त्यांत कमलाबाई नावाच्या एक होत्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. त्या परतीच्या वाटेवर महागावपर्यंत झोपायच्या. जीपमध्ये त्यांना कधी झोप लागली नव्हती. हे सांगताना काका असे खूश व्हायचे की जणू गाडी त्यांनीच बनवली आहे.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला.

"एसी लावला का काटा भसकन खाली येते. माह्यं काही चुकून राह्यलं का?"

त्या दिवशी मी खरं सांगितलं. तुमचं काही चुकत नाही, मे महिन्यात परतीची खेप पुरणार नाही, दुपारी कुठेतरी तासभर चार्ज करूनच निघा. त्यांनी विचारलं, कुठे? आर्णीच्या वाटेवरच्या एका पंपावरचा चार्जर महिनाभर बंद होता. दवाखान्याच्या आवारात वॉचमन वायर लावू देत नव्हता. मी म्हटलं, मग उन्हाळ्यापुरती जीप काढा. ते बरं म्हणाले. मी सांगितलेलं त्यांनी सचिवांच्या कानावर घातलं. सचिवांनी माहितीपत्रक काढून दाखवलं आणि म्हणाले, तुम्हाला नवी गाडी चालवायची सवय नाही. लेखी मागितलं असतं तर मी दिलं असतं का, हे मला सांगता येणार नाही. कुणी मागितलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी महागावच्या पुढे थांबली. दुपारचे तीन वाजले होते. बॅटरी अगदी संपत आली की गाडी स्वतःच वेग कमी करते, माणसानं सुरक्षित जागी पोचावं म्हणून. त्या रस्त्यावर सुरक्षित जागा म्हणजे एक निंबाचं झाड. आत त्या दिवशी तीनच पेशंट, एसी बंद. काकांनी आम्हाला फोन केला. आमची टोइंगची गाडी यवतमाळहून निघायची होती. काकांनी उमरखेडची एसटी हात करून थांबवली. दोन पेशंट चढले. कमलाबाईंना पायरी चढवेना. काकांनी त्यांना पाठीवर घेतलं. त्या गडबडीत सुया टोचलेल्या जागेची पट्टी सुटली आणि काकांचा शर्ट रक्तानं भिजला. कंडक्टरनं बस सरळ दवाखान्याजवळ न्यायला लावली. कमलाबाई वाचल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्यासमोर रॅम्पवर होती. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक मिनिटाची नोंद असते, तिला आम्ही लॉग म्हणतो. मी लॉग काढला. बॅटरी धडधाकट. वेग कुठेही साठच्या वर नाही. एसी सकाळपासून चालू. मी चार वर्षांत बघितलेलं ते सर्वांत संयमाचं ड्रायव्हिंग होतं. गाडी माझ्या रिपोर्टमधल्या आकड्याला पोचली आणि थांबली.

संस्थेने लेखी कारण मागवलं होतं. जॉब कार्डावर कारणाचा एक रकाना असतो. मी लिहिलं, उन्हाळ्यात एसीसह प्रत्यक्ष रेंज कमी. भुसारी सर वर्कशॉपमध्ये आले. त्यांनी कार्ड वाचलं आणि शांतपणे विचारलं, "हे आपण विकताना सांगितलं होतं का?"

"नाही, सर."

"मग आता कसं लिहिणार? गाडीत दोष आहे का?"

"नाही."

"एसी चालू होता का?"

"होता."

"तेवढंच लिही. खोटं काही लिहू नको."

मी नवं कार्ड घेतलं. वाहनात दोष नाही. एसीचा सतत वापर. चार्ज कमी असतानाही वाहन पुढे चालवले. तीन वाक्यं, तिन्ही खरी. खाली सही केली. त्या कार्डाच्या आधारावर संस्थेने काकांना गाडीवरून काढलं. निष्काळजीपणा, असा शब्द पत्रात होता.

काका एकदाच वर्कशॉपला आले, गाडीत राहिलेली उशी आणि पेशंटसाठी ठेवलेली चादर न्यायला. माझ्याशी मराठीत बोलले.

"मॅडम, एसी मीच लावला. मागं पेशंट होते, तं लावनारच ना. तुम्ही लिहिलं ते बराबर हाये. पन मी अगुदर विचारलं होतं, ते कुठी लिहिलं?"

  त्यांनी चादरीची घडी नीट केली, काखेत घेतली आणि गेटच्या बाहेर गेले.

कमलाबाईंनी नंतर त्या गाडीत पाय ठेवला नाही. एसटीत उभं राहणं त्यांना झेपत नव्हतं. डायलिसिसच्या काही खेपा चुकल्या. नव्या ड्रायव्हरनं सर्व्हिसिंगला आल्यावर सहज सांगितलं की त्या आषाढात गेल्या. गाडीमुळे गेल्या असं म्हणता येत नाही. आजार मोठा होता. हे वाक्य मी स्वतःशी बऱ्याचदा म्हणून बघितलं आहे.

मी अजून तिथेच आहे, आता सिनियर टेक्निशियन. वर्कशॉपमध्ये कुणी विचारलं तर उन्हाळ्याचा आकडा सांगते. तोवर त्यांनी गाडी घेतलेली असते. आमच्या धंद्यात खोटं बोलायची वेळ क्वचितच येते. खरा आकडा कोणत्या महिन्यातला आहे, एवढंच सांगायचं राहून जातं.