बोआतेमाच्या घराची चित्रफीत

बोआतेमाने सत्तावीस वर्षं घानातल्या कुमासीच्या टेलिफोन कचेरीत तारा जोडल्या. निवृत्तीनंतर लोक कोंबड्या पाळतात. हिने सर्व्हर पाळला. फ्रिजशेजारच्या फडताळात एक जुना संगणक, दोन डिस्क आणि वीज गेली तर तग धरायला बॅटरी. परदेशातल्या नातेवाइकांना आपापल्या फोनवरून घरचे फोटो उघडता यावेत म्हणून प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचा पासवर्ड तिने स्वतः बसवला. नवरा अदुसेई म्हणायचा, "माझ्यापेक्षा त्या डब्याची जास्त काळजी घेतेस."

"तो तुझ्यासारखा घोरत नाही."

त्या डब्यात एक चित्रफीत होती आणि तिच्यावर बोआतेमाचं म्हातारपण टेकलं होतं. आमच्यात माणूस गेला की घर त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जातं. ह्या दोघांना म्हातारपणी बघणारं मूलही नव्हतं. म्हणून अदुसेईने जिवंतपणीच घर बायकोला दिलं, रीतीप्रमाणे. त्याच्या घराण्यातले थोरले बादू आले, बोआतेमाच्या भावाने आभाराची बाटली पुढे ठेवली, ती सगळे प्यायले. बाटली प्यायली की दान पक्कं. वर कागद मागणं म्हणजे थोरल्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. बोआतेमाने फक्त चित्रण केलं. ग्लास मी धुतले, शेजारीण म्हणून.

अदुसेईचा भाचा ओडुरो हॅम्बुर्गला असतो. एकदा त्याचा फोन आला.

"मामी, फोटो दिसतात, पण मी एखादा टाकायला गेलो तर डबा म्हणतो परवानगी नाही. मी काय खिडकीतून डोकावणारा भिकारी आहे?"

तो हसत होता, त्याच्या मागे आणखी कुणी हसत होतं. स्वयंपाकघराला कुलूप घालणारी सून आणि भाच्याला अर्धंच दार उघडणारी मामी, आमच्याकडे दोघींना सारखंच बोलतात. बोआतेमा लाजली. तिने त्याला सगळे हक्क दिले: बघायचे, टाकायचे, पुसायचे.

"असू दे गं," मला म्हणाली. "डिस्क दोन आहेत. एक गेली तर दुसरी."

अदुसेई गेला. आठव्या दिवशी अंगणात घराणं बसलं. घराची गोष्ट निघाली तेव्हा बोआतेमाने डबा टीव्हीला जोडला. फोल्डर होतं, चित्रफीत नव्हती. दुसऱ्या डिस्कवरही नव्हती. पहिलीवर जे होईल ते त्याच क्षणी दुसरीवर, असंच तिने लावलं होतं. डिस्क बिघडली तर तिचा उपयोग. माणूस बिघडला तर नाही. तिने नोंदी उघडल्या. अदुसेई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी बाराला, ओडुरोच्या नावाने पुसलेली.

"यंत्र आज त्याचं नाव घेतंय, उद्या माझं घेईल," बादू म्हणाले.

"तुम्ही स्वतः प्यायला होतात, आजोबा," बोआतेमा म्हणाली.

"प्यायलो असेन. जन्मात पुष्कळ बाटल्या प्यायलो. कुठली कशाची, कसं सांगू?"

अंगण हसलं. तिचा भाऊ साक्षीला बोलला, तर म्हणे तो तिच्याच बाजूचा. मी म्हटलं, ग्लास मी धुतले होते.

"मग ग्लासांचं सांग," बादू म्हणाले.

ओडुरोला फोन लावला. "जागा भरत आली होती मामी, मी जरा आवरलं. रागावू नकोस हं."

दोन आठवडे ती पुसलेलं परत आणायच्या खटपटीत होती. हाती आले सहा सेकंद: अदुसेईचा शर्ट, टेबलाचा कोपरा. आवाज नाही. "देतो" हा शब्द तर आवाजातच होता.

चाळीस दिवस झाल्यावर घर ओडुरोकडे गेलं आणि ती भावाकडे राहायला गेली.

मागच्या महिन्यात मी तिला बोलावलं, माझ्या घरी तसाच डबा बसवायला. तासाभरात तिने सगळं लावून दिलं. मग विचारलं, "कुणाला काय करू द्यायचं?"

"मुलीला सगळं. जावयाला... तू सांग."

"नुसतं बघू दे."

"नावं ठेवील गं तो."

"ठेवू दे. मला कुणी ठेवली नाहीत. सामान बाहेर काढत होते ना, तेव्हासुद्धा म्हणत होते, मामी मनाची मोठी."