कोकिलाबेन नावाची फाइल

चहा गरम आहे तोवर हसून घ्या. माझा हा पराक्रम ऐकायला मजेचा आहे, पण शेवटाकडे चहाही निवतो आणि सांगणाऱ्याचं तोंडही उतरतं. आधीच सांगितलं, मागाहून म्हणू नका.

तुम्ही मला ओळखताच. बडोद्याच्या नागरवाड्यात राहत होतो तेव्हा शिमग्याला अख्ख्या गल्लीतल्या दारांवरच्या पाट्या मी अदलाबदल केल्या होत्या. वकिलांच्या दारावर दाताच्या डॉक्टरांची पाटी. सकाळी एक बाई गाल धरून आली आणि वकिलांसमोर तोंड उघडून बसली. वकिलांनी म्हणे आत डोकावून पाहिलंसुद्धा. तेव्हापासून हे माझं व्यसनच झालं. कोणाचंही नाव बदलायचं आणि चार माणसं हसली की सुखानं जेवायचं.

शिक्षण म्हणाल तर सातवी. आठवीत मी आणि मास्तर, दोघांनीही हात टेकले. मग सावली गावाकडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला. तिथे प्रत्येक व्हॉल्व्हला, आत काय वाहतं ते लिहिलेला पत्र्याचा टॅग तारेनं बांधलेला असायचा. इंग्रजी अक्षरं मी त्या टॅगांवर शिकलो. आणि एक सांगतो, तिथे मी कोणाची खोडी काढायची ठेवली नाही, मॅनेजरच्या डब्यात मिरच्या घातल्या, पण टॅगला कधी हात लावला नाही. वाफेच्या व्हॉल्व्हवर पाण्याचा टॅग गेला तर कोणीतरी भाजून निघेल, एवढी अक्कल मला होती. हे लक्षात ठेवा. पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.

आता आम्ही छाणीला राहतो. मुलगा कायम फिरतीवर, घरात मी, नातू आणि सून सायली. सायली घरून काम करते. काम काय, तर दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासायचे. नातवासाठी काही वर्षं घरी बसली होती, त्यानंतर ही नोकरी लागली, पण कच्ची. नवरात्राचं काम नीट पार पडलं की पक्की करतो, असा शब्द तिच्या साहेबांनी, हितेशभाईंनी दिला होता. त्या एका शब्दावर घरातले सगळे बेत उभे होते.

काम होतं गरब्याच्या पासांचं. मोबाइलवर पास घ्यायचा, गेटवर नंबर दाखवायचा, आत जाऊन फेर धरायचा. बडोद्यात नवरात्राचा पास म्हणजे काय चीज आहे हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि नेमकी तेव्हाच सायली स्कूटरवरून घसरली. उजवा हात प्लास्टरमध्ये. मला म्हणाली, "बाबा, मी सांगते, तुम्ही टाइप कराल का?"

मी? एका बोटानं का होईना, करणारच की.

प्रकार असा होता. प्रोग्राममधली एकेक गोष्ट तपासायला एकेक वेगळी फाइल. आधीच्या पोरानं त्यांना नावं दिलेली 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटची', 'खरंच शेवटची'. हितेशभाईंचं म्हणणं, नाव वाचलं की फाइल काय तपासते ते कळलं पाहिजे. म्हणून सायलीनं नियम ठरवला. आधी 'टेस्ट' हा शब्द, मग प्रोग्रामचा कुठला भाग, मग तिथे काय व्हायला हवं. मधे आडव्या रेघा.

चार-पाच नावं टाइप करून माझं बोट दुखायला लागलं. म्हटलं, "सूनबाई, दर वेळी टेस्ट कशाला? सगळ्या टेस्टच आहेत ना? गल्लीत सगळी माणसंच राहतात म्हणून दारावर 'माणूस कुलकर्णी' अशी पाटी लावतात का?"

ती खळखळून हसली. म्हणाली, "बाबा, नियम आहे तो. लिहा."

ते हसणं मला नडलं. मी हसण्याचा भुकेला माणूस. तेवढ्यात तिला ऑफिसच्या मीटिंगचा फोन आला. "उरलेल्या तुम्ही करा, अशाच," असं सांगून ती आतल्या खोलीत गेली.

आता मला सांगा, मांजरीपुढे दूध ठेवून कोणी असं जातं का?

'टेस्ट' तर मी उडवलाच. वर म्हटलं, नाव वाचून काम कळायला हवं ना? मग कळेल असंच देऊ. अनोळखी माणसाला आत सोडतो का हे तपासणाऱ्या फाइलला नाव दिलं मगनभाई. मगनभाई म्हणजे आमच्या सोसायटीचे वॉचमन, चोर सोडून सगळ्यांना अडवतात. पान उघडायला फार वेळ लागत नाही ना, त्या फाइलला नाव भावोजी. आमचे भावोजी खुर्चीतून उठायला लागले की बाकीच्यांचं जेवण आटोपतं. आणि एकच पास दोघांना विकला जात नाही ना, हे तपासणारी फाइल झाली कोकिलाबेन. कोकिलाबेन आमच्या समोरच्या. एकच गुपित 'फक्त तुम्हालाच सांगते' म्हणून दोन घरांत पोचवतात.

सायली मीटिंगमधून आली ती घाईतच. फोनवर हितेशभाई तपासणीचं विचारत होते. तिनं डाव्या हातानं बटण दाबलं. पडद्यावर सगळं हिरवं, म्हणजे सगळं ठीक, लाल एकही नाही. हितेशभाई खूश, सायली खूश. संध्याकाळी सेव-उसळ मागवली. मी गंमत सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, आज ती तशीच खुशीत आहे, हसू उद्यासाठी ठेवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पासांची विक्री सुरू झाली. मी पण एक घेतला. बसून बघायला हो, नाचायला नाही. थोड्या वेळानं दारात कोकिलाबेन. हातात मोबाइल. माझा पास बघायला मागितला, नंबर वाचला आणि चेहरा उजळला.

"काका, जुओ ने, तमारो ने मारो नंबर एक ज छे. आपणे साथे जइशुं."

मला वाटलं, काय छान योगायोग आहे. मी आत हाक मारून सायलीला सांगितलं की कोकिलाबेनचा आणि माझा पास एकाच नंबरचा आहे. ती धावत आली. दोन्ही मोबाइल शेजारी धरले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कोकिलाबेन जाईपर्यंत तिचा फोन वाजायला लागला होता. आमचाच काय, निम्म्या गावाचा नंबर एकमेकांशी जुळत होता.

कॉम्प्युटर उघडून ती फाइली बघायला लागली. मधेच थांबली.

"बाबा, कोकिलाबेन कोण आहे इथे?"

मी म्हटलं, "गंमत केली."

मग तिनं मला समजावलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ते मशीन म्हणे फाइलच्या नावाचा पहिला शब्द बघतं. 'टेस्ट' असेल तरच उघडून चालवतं. नसेल तर बाजूनं निघून जातं, तक्रारही करत नाही. आदल्या दुपारीच ऑफिसच्या पोरांनी पास विकायच्या भागात काही बदलताना चूक केली होती, आणि ती पकडणारी फाइल होती नेमकी हीच. मशीन कोकिलाबेनच्या दारावरून गेलं, भावोजींच्या दारावरून गेलं, कोणालाही न उठवता. हिरवं झालं ते आधी नियमानं नावं दिलेल्या चार-पाच फाइलींमुळे.

म्हणजे टॅग बदलला होता मी. जन्मभर ज्याला हात लावला नाही, तोच.

हितेशभाईंचा फोन आला. सायली म्हणाली, "माझी चूक झाली, सर. किती फाइली चालल्या ते मी पाहिलं नाही." मी खुणेनं फोन मागितला. तिनं फोनवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "नको बाबा. सासऱ्यांच्या हाती कॉम्प्युटर दिला होता हे कळलं तर आजच घरी बसवतील. माझी चूक म्हटलं तर निदान कच्ची तरी राहीन."

बघा, कबुली द्यायचीही सोय ठेवली नव्हती मी.

विक्री थांबवली, पास परत घेतले, ऑफिसातली माणसं आठवडाभर लोकांची बोलणी खात होती. नोकरी पक्की करायचं पुढच्या नवरात्रावर गेलं. मला घरात कोणी एक शब्द बोललं नाही. आणि मी कितीही नकला केल्या तरी सायली हसली नाही. बरेच दिवस.

मग प्लास्टर निघालं. सगळी नावं तिनं स्वतः नीट केली आणि एक फाइल नवीन लिहिली. ती सगळ्यांच्या आधी चालते आणि बाकीच्यांची नावं नियमानं आहेत का ते तपासते. मला बोलावून म्हणाली, "वाचा."

मी अक्षर अक्षर लावून वाचलं. 'टेस्ट, बाबांनी हात लावला नाही.'

तेव्हा ती जराशी हसली. तेवढ्यावर मी दोन घास जास्त जेवलो.

हितेशभाईंना वाटतं बाबा म्हणजे कोणी संत असावेत. "सारुं, बरं केलंत, पहिलं नाव बाबांचंच हवं," असं म्हणून त्यांनी हात जोडले म्हणे. सायलीनं त्यांना तसंच वाटू दिलं.

आता रोज सकाळी ती कॉम्प्युटर सुरू करते तेव्हा मी चहाचा कप घेऊन लांब दारात उभा असतो. पहिली ओळ हिरवी होते. आठवीत नापास झालेला मी म्हातारपणी रोज पास होतो, विषय एकच, काही न करणं. आणि जिला पक्की व्हायचं होतं, ती माझा निकाल बघून कामाला लागते.