तळहातावरचे तीन ठोके

“बहिरा की आंधळा? एक काय ते ठरवा, बाई.” भत्त्यांच्या कचेरीत खिडकीमागच्या माणसाने ओरोन्त्साचे कागद परत सरकवले.

“ठरवू काय? माझा नवरा दोन्ही आहे.”

“एका माणसाला एकच भत्ता.”

“अहो, आईस्क्रीमची चव विचारताय का? कायद्यात दोन्ही भत्ते मिळतात. आमच्या फादरनी छापून दिलंय. वाचा!”

त्याने वाचलं, मान खाजवली. “मग आंधळेपणाची तपासणी करून आणा. डॉक्टरांनी लिहून दिलं तर माझं काय जातंय?”

इप्पात्सियो शेजारीच उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, ताठ. आपल्यावरून चाललेल्या भांडणातला एक शब्द त्याला ऐकू येत नव्हता. सातव्या वर्षी तापात त्याचे कान गेले. बोलणं राहिलं, पण सपाट आणि मोठ्या आवाजातलं. जन्मभर त्याने लव्हाळ्याच्या दोरीने खुर्च्यांच्या बैठका विणल्या. पन्नाशीनंतर डोळे विझत गेले, तरी विणणं थांबलं नाही. बोटांना वाट पाठ होती. बाकीचं जग त्याच्या तळहातावरून आत जायचं. ओरोन्त्सा त्यावर बोटाने अक्षरं काढायची: पायरी. कुत्रा. फादर आले. आकडा असला की तेवढे ठोके. तिला जे दिसे ते बोटातून आपोआप उतरे, जपमाळेचे मणी सरकावेत तसं.

ऑक्टोबरात तिच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. दुसरा भत्ता मिळाला तर हातावरची भाषा जाणणारी एक बाई रोज घरी येणार होती. नाही मिळाला तर इप्पात्सियोची रवानगी शहरातल्या वृद्धाश्रमात. तिथे गेलेला गावातला एकही म्हातारा पुन्हा घरी आलेला ओरोन्त्साने पाहिला नव्हता.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी बोटं वर केली. “विचारा त्यांना, किती?”

ओरोन्त्साने हातावर विचारलं.

“तीन!” इप्पात्सियो गरजला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. बोटं मोजता येतात, सबब अर्ज नामंजूर.

ओरोन्त्साला काही कळेना. संध्याकाळी ती फ्रिझे, जवाच्या कडक भाजलेल्या भाकऱ्या, पाण्यात बुडवत होती. तुला किती, असं तिने त्याच्या हातावर विचारलं, आणि तो काही बोलायच्या आत तिच्याच बोटाने दोन ठोके दिले. रोजचे दोन. तिचा हात तिथेच थांबला. भाकरीचा तुकडा पाण्यात विरघळून गेला.

त्या दिवशी जपमाळ दात खाऊन झाली. “माझं बोट तुला दिसत होतं ना, माते? मग धरलं का नाहीस?” आणि तो डॉक्टर! टेबलावर, त्याच्या नाकासमोर तिचा हात ठोके देत होता. डोळ्यांचा डॉक्टर म्हणे!

तिने फेरतपासणी मागितली. खोली तीच, डॉक्टर तेच, हातात कागद, नजर घड्याळाकडे.

“चला, मागच्यासारखंच. तुम्ही विचारा.”

ते ‘मागच्यासारखंच’ ऐकलं आणि ओरोन्त्साच्या डोक्यात तिडीक गेली. तिने नवऱ्याचा हात सोडला, लंगडत भिंतीपाशी गेली आणि दोन्ही हात काखेत घातले.

“मी नाही विचारणार. तुम्ही विचारा.”

“मी कसं विचारू? त्यांना ऐकू येत नाही.”

“मग लिहून दाखवा. दिसतं म्हणून तुम्हीच लिहिलंय ना?”

डॉक्टरांनी खरंच लिहिलं. मोठ्या अक्षरात, किती बोटं? कागद त्याच्या तोंडासमोर धरला. इप्पात्सियो वाट बघत बसला. मग त्याचा हात हवेत उठला.

“ओरोन्त्सा? सुरू झालं का?”

हात टेबलावर चाचपडू लागला. पेला पडला, फायलीवर पाणी पसरलं. “ओरोन्त्सा! कुठे गेलीस?”

तिने नखं काखेत रुतवली.

“बाई, हात द्या त्यांना!”

“तुम्ही द्या.”

डॉक्टरांनी हात दिला. इप्पात्सियोने तो दोन्ही हातांनी दाबून पाहिला. “हा कोण? या हाताने कधी भांडं घासलेलं नाही.” त्याचा आवाज फाटला. “माझी बायको कुठंय?”

डॉक्टरांचे कान लाल झाले. “मागच्या वेळी… तीन बोटं कोणी सांगितली त्यांना?”

“मी. या बोटाने. चूक माझीच, त्याची माफी मी देवाकडे मागितलीय. पण बोटं तुमच्यासमोर सांगितली, डॉक्टर. तुमचे डोळे कधी तपासले का कोणी?”

त्यांनी नवा कागद घेतला. बहिरा, असं लिहिलं. त्याखाली आंधळा. सही केली. दोन्ही ओळी तिने मोठ्याने वाचून घेतल्या, तेव्हा कुठे नवऱ्याकडे गेली.

बसमध्ये तिने त्याच्या तळहातावर लिहिलं, दोन्ही मंजूर. त्याने मान हलवली आणि हात कोटाच्या खिशात कोंबला.

“मला वाटलं, मेलीस तू,” तो म्हणाला. अख्ख्या बसने वळून पाहिलं.

गाव येईपर्यंत हात खिशातच होता. उतरताना मात्र काढावा लागला. तिने लिहिलं, पायरी. तो उतरला, आणि ज्या बोटाने लिहिलं होतं ते मुठीत धरून इतकं आवळलं की तिला कळ आली. घर येईपर्यंत त्याने ते सोडलं नाही.